पाचवं कारण

केमोथेरपीसाठी छातीत पोर्ट बसवलेल्या माणसाला हुडहुडी भरून ताप आला, पोर्टमधून रक्त येईनासं झालं किंवा त्या बाजूचा हात सुजला, की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, 'नशिबाचे भोग', आणि दुसरं, 'त्या सिस्टरला नीट जमलं नाही.' पहिलं भाविकाचं आणि दुसरं व्यवहारी माणसाचं, असं वरकरणी वाटतं. प्रत्यक्षात एकाच घरात, एकाच संध्याकाळी दोन्ही बोलली जातात. दोन्हींची घडण सारखीच आहे. घडल्या गोष्टीला एकच कारण हवं, आणि ते हाती लागलं की चौकशी संपली. गीतेच्या अठराव्या अध्यायात मात्र कुठलंही कर्म घडायला पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे ज्यात ते घडतं तो देह, कर्ता, करणं म्हणजे साधनं, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे प्रत्यक्ष हालचाली, आणि पाचवं दैव. हे असं असताना जो स्वतःलाच एकट्याला कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही, असंही तिथे लगेच म्हटलं आहे. उपचारातल्या गुंतागुंतीकडे पाहायला याहून नेमकी चौकट आपल्याकडे नाही असं माझं मत आहे. मात्र तिचा क्रम पाळला पाहिजे. दैव पाचवं आहे. आपण ते पहिलं घेतो, आणि मग उरलेल्या चारांकडे पाहायचं कारणच उरत नाही.

पोर्ट म्हणजे टायटॅनियमची किंवा कडक प्लास्टिकची, अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीची डबी. तिच्या तोंडावर सिलिकॉनचा जाड पडदा आणि बाजूला जोडलेली बारीक नळी. डबी कॉलरबोनच्या खाली कातडीआड बसते आणि नळी मोठ्या शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या तोंडापर्यंत जाते. औषध देताना पडद्यातून ह्युबर सुई घालतात, जी पडद्याचा तुकडा न पाडता आत शिरते. पूर्णपणे कातडीखाली बसणारा असा पोर्ट 1982 मध्ये जॉन नीडरह्यूबर या अमेरिकन सर्जनने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय वाङ्मयात मांडला. (सुईचं नाव आणि सर्जनचं आडनाव यांतलं साम्य निव्वळ योगायोगाचं, सुई वेगळ्याच ह्युबरची आहे.) केमोची औषधं हाताच्या शिरा जाळतात, दर वेळी नवी शीर शोधताना रुग्ण आणि सिस्टर दोघंही रडकुंडीला येतात, त्यातून ही डबी सुटका करते. पण सुटका म्हणजे निर्धोकपणा नव्हे. 2021 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत हजारावर कर्करुग्णांमध्ये तीन प्रकारच्या नळ्यांची तुलना झाली. संसर्ग, रक्ताची गुठळी, रक्त न येणं, नळी निकामी होणं अशा सगळ्या गुंतागुंती मोजल्यावर पोर्ट सर्वांत सरस ठरला. तरी पोर्ट बसवलेल्या दर दहांपैकी जवळपास तिघांना काही ना काही त्रास झालाच. दंडातून घातलेल्या नळीत आणि छातीतून बाहेर लोंबणाऱ्या हिकमन नळीत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर होतं. उत्तमातल्या उत्तम पर्यायात तिघांना त्रास होणार असेल, तर त्या तिघांना सांगायचं काय, हा वैद्यकाइतकाच तत्त्वज्ञानाचाही प्रश्न होतो.

यातला एक क्षण जवळून पाहण्यासारखा आहे. सिस्टर मास्क लावते, क्लोरहेक्सिडीनने कातडी पुसते, ती आपोआप वाळू देते, बोटांनी डबीच्या कडा पकडते आणि सुई बुडाला टेकेपर्यंत सरळ आत घालते. सलाइनची सिरिंज दाबली, पाणी सुरळीत गेलं. दट्ट्या मागे ओढला तर रक्त नाही. पुन्हा दाबलं, गेलं. पुन्हा ओढलं, नाही. औषध तयार होऊन आलेलं आहे, बाहेरच्या खुर्च्या भरलेल्या आहेत, रुग्ण पहाटे निघून इथवर पोचला आहे. अशा वेळी 'जातंय ना, मग सोडू या' हे वाक्य ओठावर येणं अगदी साहजिक. आत काय झालेलं असतं? नळीच्या टोकाभोवती शरीराने फायब्रिनचं पातळ आवरण विणलेलं असतं. आत ढकलताना ते बाजूला सरतं, मागे ओढताना टोकावर चिकटतं. पण औषध त्या आवरणाच्या आतून नळीच्या बाजूने उलटं सरकत शिरेबाहेर झिरपू शकतं, आणि ते औषध डॉक्सोरुबिसिन, म्हणजे रुग्णांच्या बोलीतलं 'लाल औषध' असेल, तर आजूबाजूचं मांस अक्षरशः कुजतं. त्यावरचा उतारा डेक्सराझॉक्सेन. तोही सहा तासांच्या आत सुरू व्हावा लागतो. म्हणून रक्त येत नाही तोवर असं औषध सोडायचं नाही, हा नियम. रुग्णाला हात वर करायला, मान वळवायला, खोकायला, खोल श्वास घ्यायला सांगायचं. सुई जागेवर आहे का पाहायचं. दहा मिलीहून लहान सिरिंजने जोर लावायचा नाही, कारण लहान सिरिंजचा दाब जास्त असतो आणि नळी फुटू शकते. तरीही नाही आलं, तर दोन मिलिग्रॅम अल्टेप्लेज नळीत भरून अर्धा तास ते दोन तास थांबायचं. त्यानेही काम झालं नाही, तर डाय सोडून एक्स-रे.

आता या अडलेल्या पोर्टला गीतेची पाच कारणं लावून पाहा. फायब्रिन विणणारा, आणि कर्करोगामुळे गुठळ्यांकडे अधिकच झुकलेला देह, हे अधिष्ठान. बसवणारा सर्जन आणि सुई लावणारी सिस्टर हे कर्ते. नळी आखूड पडून तिचं टोक वरच राहिलं असेल किंवा हाती छोटी सिरिंज आली असेल, तर ती करणं. मागच्या खेपेस रक्त काढल्यावर पोर्ट पुरेशा सलाइनने, थांबत-थांबत झटक्यांनी धुतला नाही, ही चेष्टा. या चारांचा हिशेब झाल्यावर जे उरेल, ते दैव. ते उरतंच. सगळं यथासांग करूनही काही पोर्ट अडतात, आणि ते नाकारणारा माणूस वॉर्डात फार दिवस टिकत नाही. पण चारांचा हिशेब न मांडता 'दैव' म्हणणं आणि तो मांडून झाल्यावर म्हणणं, यांत महदंतर आहे. पहिल्यात श्रद्धेपेक्षा आळस अधिक असतो.

गीतेतल्या श्लोकांचा हा वापर जाणकाराला खटकेल, आणि खटकायला हवा. आचार्यांनी तिथलं दैव म्हणजे नशीब असं सरसकट घेतलेलं नाही. शंकराचार्यांच्या भाष्यात ते इंद्रियांना अनुग्रह करणारे सूर्यादी देव आहेत, ज्ञानेश्वरांची वाटही बरीचशी तीच. शिवाय त्या प्रकरणाचा रोख आत्मा अकर्ता आहे हे दाखवण्याकडे आहे, इस्पितळातल्या चौकशीकडे नाही. हे सगळं मान्य. तरी टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या 'गीतारहस्या'त याच जागी दैवाचा अर्थ लौकिकाच्या जवळ आणला आहे: माणूस जे आपलं कर्तृत्व समजतो त्याला सृष्टीच्या अनेक व्यापारांची साथ लागलेली असते, आणि त्यांतले जे आपल्याला ठाऊक नाहीत, ते दैव. मला हा अर्थ इथे सोयीचा वाटतो, कारण त्यात दैवाची सीमा पक्की राहत नाही. जे ठाऊक नाही ते दैव असेल, तर ठाऊक होताच ते वरच्या चारांपैकी कुठल्या तरी खात्यात जमा व्हायला हवं.

आणि ते तसं होत आलेलं आहे. कॉलरबोनखालच्या शिरेतून घातलेली नळी कधी कधी काही महिन्यांनी तुटते आणि तिचा तुकडा वाहत हृदयात किंवा फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकतो. कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्या फटीत नळी चिमटली जाते, हात वरखाली झाला की दर वेळी थोडी झिजते. एक्स-रेत दिसणारी ती चिमटल्याची खूण 1984 मध्ये नोंदली गेली. त्याआधी नळी तुटली की ती 'तुटली', एवढंच. खूण कळल्यावर डॉक्टर एक्स-रेत ती शोधू लागले, चिमटलेली नळी वेळीच काढू लागले, आणि सोनोग्राफीच्या मदतीने मानेतल्या शिरेतून नळी घालायची पद्धत रुळल्यावर हा प्रकार फारच विरळ झाला. चरकसंहितेच्या विमानस्थानात आयुष्य ठरलेलं असतं का, या प्रश्नावर बोलताना गाडीच्या आसाचा दाखला दिला आहे. चांगला आस आपल्या काळानेच झिजून संपतो, पण ओझं जास्त झालं, रस्ता वाईट असला, वंगण मिळालं नाही, तर तोच आस अध्येमध्ये मोडतो. दोन्ही वेळा आस मोडतोच, पण दुसऱ्या मोडण्याला 'काळ आला होता' म्हणता येत नाही. त्याच अध्यायात चरकाने पूर्वीच्या देहात केलेल्या कर्माला दैव आणि या देहातल्या कर्माला पुरुषकार म्हटलं आहे, आणि दुबळं दैव बळकट पुरुषकारापुढे हरतं असंही सांगितलं आहे. सगळं आधीच ठरलेलं असेल तर औषध कशाला, हा त्याचा सवाल सरळ आहे, आणि वैद्याने तो विचारावा हे ओघानेच आलं.

याहून मोठा पुरावा मिशिगनचा. तो अतिदक्षता विभागांतल्या नळ्यांचा आहे, पोर्टचा नव्हे, पण मुद्दा तोच. मोठ्या शिरेतल्या नळीला काही प्रमाणात संसर्ग व्हायचाच, असं वर्षानुवर्षं धरून चाललं होतं. जॉन्स हॉपकिन्सचे पीटर प्रोनोव्होस्ट आणि मिशिगन राज्यातले 108 अतिदक्षता विभाग यांनी पाच साध्या गोष्टींचा धडाका लावला: हात धुणं, नळी घालताना पूर्ण निर्जंतुक आवरणं, क्लोरहेक्सिडीन, जांघेतली शीर शक्यतो टाळणं, आणि गरज संपली की नळी काढून टाकणं. डॉक्टरने यातलं काही वगळलं तर त्याला थांबवण्याचा अधिकार सिस्टरला दिला. 2006 मध्ये निकाल छापून आला, तेव्हा नळीच्या दर हजार दिवसांमागे 2.7 असलेला संसर्गाचा मध्यक तीन महिन्यांत शून्यावर आला होता आणि पुढे दीड वर्ष घट टिकली होती. ज्याला दैव म्हणत होतो, त्यातलं बरंचसं न धुतलेल्या हातांचं होतं. पण गोष्ट इथे संपवली तर पुन्हा एककारणी झाली. इंग्लंडने हाच कार्यक्रम स्वतःकडे राबवला. तिथेही संसर्ग घटला, मात्र ज्या विभागांत कार्यक्रम अजून सुरू झाला नव्हता तिथेही तो घटत होता. म्हणजे श्रेय नेमकं कुणाला द्यायचं, हे ठरेना. मिशिगनमध्ये यश आलं ते यादीमुळे, की सिस्टरच्या अधिकारामुळे, की सगळ्यांची नजर आपल्यावर आहे या जाणिवेमुळे, यावर नंतर बरंच लिहिलं गेलं. मला यात पाच कारणांच्या मांडणीला पुष्टीच दिसते. अपयशाला एकच कर्ता नाही हे एक वेळ कबूल करता येतं. यशालाही तो नाही हे मान्य करायला जड जातं.

यावर श्रद्धावंताचा आक्षेप गंभीर आहे. प्रारब्ध म्हटल्याने माणसाला शांतता मिळते. तुम्ही त्याच्या हातून ती काढून घेता आणि बदल्यात काय देता, तर सिरिंजच्या मापाची चर्चा? ज्याच्या छातीतला पोर्ट संसर्गामुळे काढावा लागला, त्याला चौकशीचं समाधान नको असतं. झालं ते झालं म्हणून पुढे जाता यावं, एवढंच हवं असतं. हे खरं आहे. म्हणून 'दैव' हा शब्द कोण उच्चारतो, हे पाहावं लागतं. रुग्णाने तो स्वतःपुरता उच्चारला तर ती त्याची स्वीकाराची वाट आहे, आणि तिथे दुसऱ्या कुणी तर्क लढवण्याचं कारण नाही. तोच शब्द सुई लावणाऱ्याने, बसवणाऱ्याने किंवा इस्पितळाच्या व्यवस्थेने रुग्णाच्या तोंडावर फेकला, तर ती पळवाट होते. प्रारब्धाचा दिलासा भोगणाऱ्यासाठी आहे. करणाऱ्याने त्यावर हक्क सांगू नये. आणि चौकशी कोरडीच असते असंही नाही. ताप आलेल्या रुग्णाचं रक्त एकाच वेळी पोर्टमधून आणि हातातून घेतात. पोर्टच्या नमुन्यात जंतू हाताच्या नमुन्यापेक्षा दोन तास किंवा त्याहून आधी वाढलेले दिसले, तर संसर्गाचं मूळ पोर्टमध्ये आहे असं धरतात. कातडीवरचा सौम्य स्टॅफिलोकोकस निघाला आणि रुग्णाची तब्येत बरी असली, तर नळीत अँटिबायोटिक भरून पोर्ट वाचवायचा प्रयत्न करता येतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस किंवा कँडिडा निघाला तर पोर्ट काढणंच शहाणपणाचं. पोर्ट काढताना रुग्णाला हे नीट समजावून सांगितलं, तर तो निर्णय त्याला अन्यायासारखा वाटत नाही. 'का' कळणं हाही एक दिलासाच असतो, आणि आपल्याकडे तो फार कमी लोकांच्या वाट्याला येतो.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा. कारणं पाच केलीत की दोष पातळ होतो. निष्काळजी माणूस चारांच्या आड लपतो. त्यात गीतेतच पुढे म्हटलं आहे, की ज्याच्यात अहंभाव नाही त्याला मारूनही ते कर्म बांधत नाही. हा श्लोक एखाद्या उद्दाम डॉक्टरच्या हाती पडला तर? पडला तर वाईटच, पण तेवढाच उचलून चालत नाही. त्याच अध्यायात थोडं पुढे तामस कर्माचं लक्षण दिलं आहे: परिणाम, नुकसान, दुसऱ्याला होणारी इजा आणि स्वतःची कुवत यांचा विचार न करता, मोहाने हाती घेतलेलं काम. रक्त येत नसताना 'जातंय ना' म्हणून लाल औषध सोडणं या व्याख्येत तंतोतंत बसतं. अहंभाव नसणं ही आतली गोष्ट आहे, तिने बाहेरचा हिशेब माफ होत नाही. आणि कर्ता पाचांतला एक आहे म्हणजे तो नाहीच, असं होत नाही. आपल्या कायद्यालाही ही तारतम्याची रेघ ओढावी लागली. जेकब मॅथ्यू खटल्यात 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वाईट परिणाम झाला किंवा निर्णय चुकला एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, आणि फौजदारी गुन्ह्यासाठी तो ढळढळीत असावा लागतो. डॉक्टर या निकालाकडे ढाल म्हणून पाहतात, रुग्णांचे नातेवाईक पळवाट म्हणून. मला तो अपुरा वाटतो. चुकीचा नाही, पण फौजदारी खटल्यात न्यायालयाला कर्त्याविषयीच विचारता येतं. नळीचं टोक वर का राहिलं, एका सिस्टरकडे किती रुग्ण होते, ह्युबर सुया संपल्या तेव्हा साधी सुई का वापरली गेली, हे प्रश्न आरोपीच्या पिंजऱ्यात मावत नाहीत. ते इस्पितळाने स्वतःच स्वतःला विचारायचे असतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त अडवतो. पुरुषकाराची महती गात राहिलं, की ती फिरून रुग्णाच्याच अंगावर येते. 'तुम्ही फ्लशिंगला आला नाहीत, म्हणून पोर्ट जाम झाला.' नशीब गेलं, सिस्टर सुटली, आता रुग्ण दोषी. केमो संपल्यावरही पोर्ट काही काळ ठेवतात, आणि तो अडू नये म्हणून दर चार आठवड्यांनी धुवायला या, असं अनेक ठिकाणी सांगतात. परळच्या टाटा इस्पितळात उपचार घेऊन गडचिरोलीला परतलेल्या माणसाला धुण्याच्या पाच मिनिटांसाठी दोन दिवसांचा प्रवास, बुडालेली मजुरी आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेल का याची धाकधूक, असा हा 'प्रयत्न' पडतो. तो आला नाही तर ती त्याची चेष्टा कमी पडली, असं म्हणणाऱ्याने करणांचं खातं उघडलेलंच नसतं. दोन-तीन महिन्यांनी धुतलं तरी अडथळे वाढत नाहीत असं दाखवणारे बरेच अभ्यास आज उपलब्ध आहेत. तरी चार आठवड्यांचा शिरस्ता अनेक ठिकाणी तसाच चालू आहे, कारण तो बदलण्याचा त्रास इस्पितळाला आणि न बदलण्याचा त्रास रुग्णाला. ह्युबर सुई लावायला शिकलेली एक सिस्टर जिल्हा रुग्णालयात असली, तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. ती नसेल, तर त्यात दैव कुठेच नाही. आणि या माणसाला ताप आला तर? पोर्ट असलेल्या आणि केमो चालू असलेल्या रुग्णाचा अडतीस अंश सेल्सिअसच्या वरचा ताप ही रात्र काढण्याची गोष्ट नाही, त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं, असं त्याला डिस्चार्जच्या वेळी मराठीत, किंवा त्याच्या माडियात किंवा गोंडीत, कुणीतरी बसून सांगितलं होतं का, हे विचारल्याशिवाय त्याच्या फाइलवर 'रुग्ण उशिरा आला' एवढंच लिहिणं अप्रामाणिक आहे.